मालाडचे टांगे आणि पाठची भावंडं

मालाड स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे, तेव्हाची गोष्ट. १९४८च्या ‘जिद्दी’ चित्रपटाच्या गाण्यांचं काम चालू होतं. लता मंगेशकर ग्रँट रोडहून लोकलने बॉम्बे टॉकीजला निघाल्या. गाडीतला एक विचित्र तरुण मालाडलाच उतरला, त्यानंही टांगा केला आणि तो थेट स्टुडिओत शिरला. हा मुलगा माझ्या मागे लागलाय, अशी तक्रार त्यांनी संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्याकडे केली. ते हसायलाच लागले. तो अशोककुमारांचा धाकटा भाऊ होता, किशोर! लताबाई पुढे हा किस्सा रंगवून सांगत.

गमतीचा म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्यात दुसरंच काही दिसतं. दोघांचा जन्म १९२९चा, जायचं एकाच स्टुडिओत. पण तो भावामुळे तिथवर आलेला, आणि ती भावंडांसाठी.

आधी गांगुलींचं घर बघू. खांडव्याच्या या घरातल्या मुलीचं लग्न शशधर मुखर्जींशी झालं. शशधर बॉम्बे टॉकीजमध्ये कामाला लागले. हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली काढलेली ही कंपनी. मेहुण्याच्या ओळखीने थोरला कुमुदलाल तिथल्या लॅबोरेटरीत चिकटला. १९३६ साली ‘जीवन नैया’त ऐनवेळी नायक हवा झाला, तेव्हा त्यालाच उभं केलं. कुमुदलालचा अशोककुमार झाला तो असा. पुढे १९४३ साली शशधर, अशोककुमार आणि काही सहकाऱ्यांनी गोरेगावात फिल्मिस्तान उभारलं. त्यानंतर शशधरांनी अंधेरीच्या अंबोलीत फिल्मालय काढलं. पश्चिम रेल्वेच्या तीन स्टेशनांवरचा सिनेमाधंदा एका बहिणीच्या सोयरिकीला बराच बांधलेला आहे. सिनेमाच्या इतिहासात तिचं नाव क्वचितच येतं.

किशोर थोरल्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. भाऊ कसला, जवळजवळ वडीलच. दादाला वाटे, यानं नट व्हावं. याला गायचं होतं. अशोककुमार सुरुवातीच्या चित्रपटांत स्वतःची गाणी स्वतः गात, पण गाणं त्यांच्यासाठी नोकरीचा भाग होता. थोरल्यानं जे अर्ध्यावर सोडलं, ते धाकट्यानं आयुष्यभर धरलं. अभिनयही त्यानं केलाच. १९५८च्या ‘चलती का नाम गाडी’त अशोक, अनूप आणि किशोर तिघं सख्खे भाऊ भाऊ म्हणूनच दिसले.

मंगेशकरांचं घर याच्या उलट. २४ एप्रिल १९४२ला मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा लताबाईंना तेरावं वर्ष चालू होतं आणि पाठीवर मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत चेहऱ्याला रंग लावून उभं राहणं त्यांना आवडत नसे, तरी त्या राहिल्या. त्याही आधीची, त्यांच्या शाळेची हकिगत तर प्रसिद्धच आहे: तान्ह्या आशाला कडेवर घेऊन गेल्या, शिक्षकांनी बाळ चालणार नाही म्हटलं, आणि लताबाईंनी शाळाच सोडली.

त्याच आशाबाईंनी सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. पार्श्वगायनात मोठ्या बहिणीनं मधली जागा व्यापलेली होती. ज्या ओ. पी. नय्यर यांनी लताबाईंचा आवाज कधीच वापरला नाही, त्यांच्याकडे आशाबाईंचा गळा खुलला. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. उषाबाईंना लोक ‘पिंजरा’च्या लावण्यांनी ओळखतात, मीनाताई बालगीतांना चाली देत राहिल्या, हृदयनाथ संगीतकार झाले. पाच भावंडं, एकच विद्या, पण प्रत्येकाचा कोपरा निराळा.

फ्रान्सिस शॅक्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ साली नेमकं हेच मांडलं होतं. पाठोपाठची भावंडं, त्यातही दोघी बहिणी किंवा दोघे भाऊ, एकमेकांसारखं होण्याचं टाळतात. त्यामुळे तुलनाही टळते आणि हेवाही. उलट थोरला जबाबदार, मधला दुर्लक्षित, शेंडेफळ लाडावलेलं, हे आपलं आवडतं गणित तपासात फारसं टिकलं नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर २०१५ साली जो अभ्यास झाला, त्यात जन्मक्रमाचा स्वभावावर टिकाऊ परिणाम जवळजवळ आढळला नाही. म्हणजे तुम्ही कितवे, हे दुय्यम. तुमच्या आधी कोणी काय उचललं आणि तुमच्यावर काय येऊन पडलं, ते महत्त्वाचं. हार्वर्डच्या दीर्घकालीन अभ्यासात तर असं दिसलं की ज्या पुरुषांचं लहानपणी भावंडांशी पटलं नव्हतं, त्यांना पन्नाशीपर्यंत तीव्र नैराश्य येण्याची शक्यता अधिक होती.

आज मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत हे नातं कसाला लागतं ते रिडेव्हलपमेंटच्या वेळी. वडिलांनी स्वकष्टानं घेतलेली दोन खोल्यांची जागा, मृत्युपत्र नाही, बिल्डरचा करार दारात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानुसार आई, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. सोसायटीच्या कागदावर नॉमिनी म्हणून दादाचं नाव आहे, एवढ्यानं तो एकटा मालक होत नाही. मग हक्कसोडपत्र पुढे येतं. ते नोंदवावं लागतं, आणि त्यावर सही बहुधा बहिणीचीच मागितली जाते. ती सही अनेकजणी आनंदानं देतात, हेही खरं. ‘माहेर तुटायला नको’ हे त्यामागचं कारण. कायद्याला मात्र भाऊबीज कळत नाही. माझं मत विचाराल तर वडीलधाऱ्यांनी जिवंतपणी मृत्युपत्र करावं आणि ते मुलांना एकत्र बसवून वाचून दाखवावं. पोरांना तेव्हा राग आला तरी निदान तो बोलून मोकळा होतो.

पुढच्या पिढीत हे भांडणच कमी होईल. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजननदर १.७ निघाला. उपनगरातल्या कितीतरी घरांत आता एकच मूल आहे, आणि भाऊबीजेला ओवाळायला मामेभाऊ नाहीतर शेजारच्या विंगमधला मित्र लागतो. एकुलती मुलं हट्टी आणि एकलकोंडी होतात, या समजालाही संशोधनाचा फारसा आधार नाही. फरक पडतो तो बराच उशिरा, आईबाप सत्तरीत गेल्यावर. फ्लॅट पूर्णपणे त्या एकाच्या नावावर होईल, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हेही त्यानं एकट्यानंच ठरवायचं.