नको म्हणण्याचा फासा

परवा संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत युद्ध पेटले होते. आमचे चिरंजीव, कन्या आणि तिची एक मैत्रीण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत बसली होती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा १९७४ सालचा खेळ. कुणी योद्धा व्हायचे, कुणी मंत्र जाणणारा पुरोहित. एकाने गोष्ट सांगायची आणि अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. नियमांचे पुस्तक २००३ सालच्या आवृत्तीचे.

कन्येचा योद्धा घायाळ होऊन पुलावर उभा होता. चिरंजीवांच्या पुरोहिताने जखमा भरण्याचा मंत्र काढला.

"नको दादा, तो राखून ठेव!"

पुस्तक उघडले गेले. उपकाराचा मंत्रही नाकारता येतो. पण त्यासाठी फासा टाकून ठरलेला आकडा गाठावा लागतो. बरे, आकडा पडला तरी हा मंत्र निम्मा लागू होतोच! ताटावर आडवा हात धरला तरी 'अर्धी तरी घ्या' म्हणून जिलबी वाढणाऱ्या एखाद्या यजमानानेच हा नियम लिहिला असावा.

मग योद्धा कोसळला. पुरोहिताने त्याला धरले आणि सुरक्षित जागी पोचवणारा मंत्र म्हटला. हा मंत्र फक्त राजी असलेल्यावरच चालतो.

"मला इथून नेऊ नकोस म्हणून मघाशीच सांगितलं होतं ना?"

"तेव्हा तू शुद्धीवर होतीस. बेशुद्ध माणूस राजीच समजायचा. हे बघ, छापलंय."

छापले होते खरे. हातपाय बांधलेला माणूस आपोआप राजी ठरत नाही. बेशुद्ध मात्र ठरतो. कन्येने न्यायासाठी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसू लागलो. 'मला आता घरातून हलवू नका,' असे आई आम्हा भावंडांना दोनदा म्हणाली होती. तिची शुद्ध गेली त्या रात्री आम्हीच तिला रुग्णवाहिकेत चढवले. पुढचे अकरा दिवस ती नळ्यांत होती. धाकटी बहीण तो विषय अजून काढू देत नाही.

चिरंजीवांना आणखी एक पान सापडले. मेलेल्याला परत बोलावताना आत्म्याला बोलावणाऱ्याचे नाव कळते, त्याचा देवही कळतो; यायचे नसेल तर तो येत नाही.

"म्हणजे विचारणार ते मेल्यावरच?" कन्या म्हणाली. तिने पेन्सिल उचलली आणि आपल्या योद्ध्याच्या कागदावर लिहिले, 'बेशुद्ध असले तरी नको.'

गोष्ट सांगणाऱ्या मैत्रिणीने तो कागद दोनदा वाचला आणि खेळ पुन्हा पुलापासून सुरू केला.