अबुकीरचा स्पार्क प्लग

पहिल्या महायुद्धात विमान उडाले ते लढाईच्या कामासाठी. युद्ध संपले आणि त्याला निराळाच ध्यास लागला, अंतर तोडण्याचा! १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन या जोडीने कोठेही न थांबता अटलांटिक ओलांडला. १९२७ साली लिंडबर्ग एकटाच साडेतेहतीस तासांत न्यूयॉर्कहून पॅरिसला पोचला. ही नावे आपल्या मुलांनाही पाठ असतात. पण त्याच काळातील एक हकीकत मला या विक्रमांहून मोलाची वाटते.

इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर, इकडून वा तिकडून, एकट्याने प्रथम उडून जाणाऱ्या हिंदी वैमानिकाला आगाखान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. अट अशी, की प्रवास महिन्याच्या आत पुरा व्हावा. १९३० साली तिघांनी कंबर कसली. मनमोहन सिंग पोचले सर्वांआधी, पण मुदत टळून गेली. उरले दोघे : इंग्लंडहून निघालेला सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर आणि कराचीहून निघालेले पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा. विमाने जिप्सी मॉथ जातीची, एका एंजिनाची, उघड्या बैठकीची. टाटांच्या विमानात रेडिओसुद्धा नव्हता!

वाटेत इजिप्तमधील अबुकीरला टाटा उतरतात, तो अस्पी तेथे अडकून पडलेला. एंजिनातील पेट्रोल ठिणगीने पेटवणारा स्पार्क प्लग नाही, म्हणून सारे ठप्प. टाटांजवळ जादा प्लग होता. प्रतिस्पर्धी आयताच थांबला होता; नुसते पुढे निघून गेले असते तरी कोणी बोट ठेवले नसते. टाटांनी प्लग काढून दिला. ते लंडनला पोचण्याआधीच अस्पीने कराची गाठली आणि बक्षीस पटकावले.

पुढे १९३२ च्या १५ ऑक्टोबरला टाटांनी कराचीहून टपाल घेऊन विमान मुंबईला जुहूच्या मैदानावर आणले. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! भारतीय हवाई वाहतुकीचा पाया तेथे घातला गेला. आणि अस्पी? १९६० साली तो भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

बक्षिसाचे पौंड केव्हाच खर्चून गेले असतील. हरलेल्याने दिलेला तो चिमुकला प्लग मात्र आजही मनात ठिणगी पाडतो.