पंप बदलण्याआधी दाब मोजा

सेल्फ फिरतो, इंजिन काही पकडत नाही आणि पाच मिनिटांत निदान होऊन जातं: फ्युएल पंप गेला. अमेरिकेत जुनी पेट्रोल पिकअप बाळगणाऱ्यांकडून हे वाक्य वारंवार ऐकू येतं. तिथे गॅरेजची मजुरी तासावर आकारली जाते, ती महाग असते आणि घरच्या गॅरेजात स्वतः पाना हातात घेण्याची सवयही जुनी आहे. त्यामुळे शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा फोर्ड एफ-150 सारख्या गाडीचा पंप शनिवार-रविवारी घरीच बदलायचा, हा विचार अगदी स्वाभाविक आहे. तिथल्या मराठी घरांनाही तो आता अपरिचित नाही. हे काम घरी होऊ शकतं, याबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप आहे तो पंपाकडे सुटा भाग म्हणून बघण्याला. पेट्रोलचा दाब, विजेचा प्रवाह आणि पेट्रोलची वाफ या तिन्ही गोष्टी पंपापाशी एकत्र येतात. त्यातली एक जरी नजरेआड झाली, तर नवा पंप बसवूनही गाडी जागची हलत नाही किंवा त्याहून वाईट काही घडतं. या कामाबद्दलचे बहुतेक गैरसमज याच एका चुकीतून निघालेले आहेत.

गैरसमज: सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही, म्हणजे पंपच गेला.

इंजिन सुरू व्हायला पेट्रोल लागतं, तशी योग्य वेळी पडणारी ठिणगीही लागते. म्हणून पहिला प्रश्न ठिणगी पडते का, हा. ती पडत असेल तर संशय पेट्रोलवर येतो, पण तेव्हाही थेट पंपावर नाही. बॅटरीपासून पंपापर्यंत वीज येते ती फ्यूज, रिले, वायरिंग, कनेक्टर अशा टप्प्यांतून, आणि परत जाते ती चॅसीवरच्या अर्थिंगमधून. यातला कुठलाही टप्पा तुटला तर लक्षण तेच दिसतं. नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या एफ-150 मध्ये शेजारच्या सीटपुढे, पायाजवळच्या पॅनेलमागे, अपघातात पंप बंद करणारा एक स्विच असतो. जोराच्या धक्क्याने तो अपघाताशिवायही उडू शकतो आणि वरचं बटण दाबलं की पूर्ववत होतो. 2004 ते 2008 च्या एफ-150 मध्ये पंपाला वीज पुरवणारं नियंत्रक मॉड्यूल स्टेपनीच्या वर, चॅसीच्या आडव्या पट्टीला बसवलेलं होतं. त्याचं ॲल्युमिनियमचं कवच स्टीलला टेकलेलं असे. रस्त्यावरचं मीठ-पाणी लागून ते गंजत जाई, शेवटी त्याला भोक पडे आणि गाडी बंद पडे. टाकीतला पंप मात्र तोवर धडधाकट असे.

मल्टिमीटरने कनेक्टरवर 12 व्होल्ट दिसले की अनेकांना वाटतं, वायरिंग ठीक आहे. हा पुरावा अपुरा आहे. गंजलेल्या अर्थिंगमधूनही, भार नसताना, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. पंप चालू असताना मोजलं तरच व्होल्टेजची घट कळते. त्यासाठी मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं पंपाच्या अर्थ वायरवर ठेवावं. तिथे एका व्होल्टच्या दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त आकडा दिसला, तर दोष आधी अर्थिंगमध्ये शोधावा. यावर युक्तिवाद होतो तो असा: गाडी जुनी आहे, पंपही थकलेला असणार, बदलून टाकला तर बिघडलं काय? बिघडतं ते हे की कमी व्होल्टेजवर नवा पंपही कमी दाब देतो, आणि सैल, वितळलेला कनेक्टर तसाच राहिला तर नव्या पंपाच्या जास्त करंटने तो पुन्हा जळतो. जनरल मोटर्सच्या ट्रकसाठीचे अनेक नवे पंप सोबत नवा कनेक्टर आणि वायरचे तुकडे घेऊनच येतात, ते याच कारणाने. तो कनेक्टर न जोडता जुन्यातच पंप अडकवणं म्हणजे अर्धीच दुरुस्ती.

गैरसमज: टाकीतून गुणगुण ऐकू येते, म्हणजे पंप ठीक आहे.

चावी फिरवल्यावर सेल्फ मारायच्या आधी पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि पाइपात दाब भरतो. तो बारीक आवाज कानावर आला की पंप निर्दोष ठरवला जातो. पण आवाजावरून एवढंच कळतं की मोटर फिरते आहे. नाडी लागते म्हणून रक्तदाबही ठीक आहे असं कोणी मानत नाही, तसंच हे आहे. इंजेक्टरला ठरावीक दाब हवा असतो आणि तो किती, हे इंजिनावर अवलंबून असतं. याचं बोलकं उदाहरण शेव्हरोलेच्याच जुन्या पिकअपमध्ये सापडतं. 1995 च्या गाडीतलं 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन थ्रॉटल बॉडी इंजेक्शनवर चालतं आणि त्याला फक्त 9 ते 13 पीएसआय दाब पुरतो. 1996 मध्ये त्याच आकाराच्या व्हॉर्टेक इंजिनाला 60 ते 66 पीएसआय लागू लागला. बाहेरून दोन्ही ट्रक सारखेच दिसतात. व्हॉर्टेकमध्ये दाब पन्नाशीच्या घरात आला तर पंप गुणगुणतो, पेट्रोल येताना दिसतं, पण थंड इंजिन बहुधा सुरू होत नाही. 1995 चा पंप 1996 च्या टाकीत घातला तरी तेच होणार.

याउलट, आवाज नाही म्हणून पंप मेलाच, असंही नाही. रिले उडालेला असेल तर निरोगी पंपही गप्पच राहतो. टाकीला खालून रबरी हातोड्याने ठोकल्यावर पंप चालू झाला, तर मात्र तो पंपाविरुद्धचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे, कारण झिजलेले ब्रश धक्क्याने तात्पुरते पुन्हा टेकतात. फक्त ती दुरुस्ती समजू नये. तोच पंप पुढच्या थांब्यावर दगा देईल. अखेरचा निकाल दाबाच्या गेजनेच लागतो. अनेक इंजिनांच्या फ्युएल रेलवर त्यासाठी टायरच्या व्हॉल्व्हसारखं तोंड असतं आणि अमेरिकेतली सुट्या भागांची मोठी दुकानं अनामत रक्कम घेऊन गेज वापरायला देतात. चावी फिरवल्यावर दाब किती चढतो, पंप थांबल्यावर तो टिकतो का, हे दोन आकडे टिपून ठेवावेत. दाब चढतो पण लगेच उतरतो, असं असेल तर पंपातल्या झडपेइतकाच संशय गळक्या इंजेक्टरवर आणि रेग्युलेटरवरही घ्यावा लागतो.

गैरसमज: पेट्रोलमध्ये विजेची मोटर म्हणजे बॉम्ब, टाकी रिकामी केली की धोका संपला.

यातला पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि दुसरा जीवघेणा. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तेव्हाच पेटते. बंद टाकीत पेट्रोलवरच्या जागेत वाफ या मर्यादेपेक्षा बरीच जास्त असते, म्हणजे जळायला पुरेशी हवाच नसते. मोटरमधून पेट्रोल सतत वाहतं आणि तेच तिला थंड ठेवतं. म्हणून ठिणगी पाडणारे ब्रश पेट्रोलात बुडलेले असूनही कोट्यवधी गाड्या दशकानुदशकं सुरक्षित चालल्या. हे संरक्षण टाकी उघडताक्षणी संपतं. झाकण काढलं, पेट्रोल उपसलं, की आत हवा शिरते आणि मिश्रण नेमकं पेटण्याच्या मर्यादेत येतं. म्हणून नुकतीच रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. अनेक अमेरिकी घरांत गॅरेजमध्येच पाणी तापवण्याचा गॅसचा बंब असतो आणि जुन्या बंबात छोटी ज्योत सतत जळत असते. तिथले बांधकाम नियम ठिणगी किंवा ज्योत असलेला भाग जमिनीपासून किमान 18 इंच उंच ठेवायला सांगतात, ते याच वाफेमुळे. थंडी आहे म्हणून पेट्रोल पेटणार नाही, हाही भ्रमच आहे. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ होते, त्यामुळे मिनेसोटाचा हिवाळाही संरक्षण देत नाही. स्थिर विजेचा धोकाही कल्पनेतला नाही. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने 1998 मध्ये पिकअपच्या हौद्यात, प्लास्टिकच्या अस्तरावर कॅन ठेवून पेट्रोल भरण्याविरुद्ध इशारा दिला होता, कारण तिथे कॅनवर साठलेली वीज जमिनीत उतरू शकत नाही. तेव्हा हे काम उघड्यावर, ज्योतीपासून दूर करावं. बॅटरीचं ऋण टोक काढावं, पाइपातला दाब सोडावा, काच फुटणाऱ्या बल्बऐवजी बंद कवचाचा एलईडी दिवा वापरावा, काढलेलं पेट्रोल जमिनीवर ठेवलेल्या इंधनाच्याच कॅनमध्ये घ्यावं आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी ठेवावं. यातली एकही खबरदारी ऐच्छिक नाही.

गैरसमज: टाकी उतरवल्याशिवाय पंप निघत नाही.

पंप टाकीच्या माथ्यावरून आत उतरवलेला असतो आणि त्या माथ्यावर पिकअपचा हौदा असतो. टाकी खाली घ्यायची की हौदा वर उचलायचा, हे दोन मार्ग आहेत. सिल्व्हराडोच्या प्रचलित 26 गॅलनच्या टाकीत जवळपास 98 लिटर पेट्रोल मावतं आणि त्याचं वजन सत्तर किलोंहून जास्त भरतं. ते डुचमळतं. जॅकवर तोललेल्या अशा टाकीखाली पाठीवर पडून वरचे पाइप सोडवणं हे या कामातलं सर्वांत अवघड टोक आहे. हौदा मात्र बहुधा सहा किंवा आठ बोल्टवर बसलेला असतो. ते बोल्ट, पेट्रोल भरण्याच्या नळीचे स्क्रू, मागच्या दिव्यांचा कनेक्टर आणि अर्थ वायर सुटली, की चार माणसं तो उचलून बाजूला ठेवू शकतात. मग पंप उभ्याने, भर उजेडात निघतो. मिशिगन-ओहायोसारख्या राज्यांत बर्फावर टाकलेल्या मिठामुळे हौद्याचे बोल्ट गंजून जाम होतात, हा आक्षेप खरा आहे. मदतीला माणसं नसतील, बोल्ट तुटायला आले असतील आणि टाकी जवळजवळ रिकामी असेल, तर ती उतरवणंच शहाणपणाचं. निवड गाडीच्या अवस्थेवरून करावी.

कुठलाही मार्ग घेतला तरी कामाचा कस लागतो तो टाकीच्या माथ्यावरच्या हातभर जागेत. तिथे वर्षानुवर्षांची माती साठलेली असते. ती आधी पुसून, झटकून काढली नाही तर लॉक रिंग फिरवताच सगळी आत पडते आणि नव्या पंपाच्या जाळीत अडकते. रिंग फिरवायला तिचं खास हत्यार किंवा पितळी छन्नी घ्यावी, कारण पोलादावर पोलाद आपटलं की ठिणगी उडते. जुनी ओ-रिंग कितीही चांगली दिसली तरी पुन्हा लावू नये. पाइपांचे प्लास्टिकचे कप्लिंग स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नयेत. त्यांच्या मापाचं स्वस्तातलं हत्यार मिळतं आणि तुटलेल्या पाइपाच्या तुलनेत ते फारच स्वस्त पडतं.

गैरसमज: पंप जातो तो मालकाच्या निष्काळजीपणामुळेच.

पाव टाकीखाली गेलात की पंप जळणार, ही धमकी सरसकट खरी नाही. आजचे बहुतेक पंप एका छोट्या भांड्यात बसतात आणि टाकीत पेट्रोल कमी असलं तरी ते भांडं भरलेलं राहावं अशी रचना असते. तळाचा गाळ ओढला जातो, हेही अर्धसत्यच, कारण पंप पेट्रोल नेहमी तळातूनच घेतो, टाकी भरलेली असली तरी. टाकी पुरती कोरडी पडेपर्यंत गाडी पळवणं मात्र पंपाला नक्की बाधतं. आणि कधी दोष थेट कारखान्यातला असतो. 2020 च्या जानेवारीत टोयोटाने अमेरिकेत सुमारे सात लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत टॅकोमा आणि टुंड्रा या पिकअपही होत्या. पंपातली प्लास्टिकची चकती पेट्रोल शोषून वेडीवाकडी होण्याचा धोका होता आणि पंप मोफत बदलून मिळत होता. म्हणून खिशात हात घालण्याआधी अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे एनएचटीएसएकडे, गाडीचा चॅसी क्रमांक तपासून पाहावा.

महाराष्ट्रात पिकअप म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती डिझेलवरची बोलेरो. तिला वरचं काहीही जसंच्या तसं लागू करू नये. कॉमन रेल डिझेल इंजिनात उच्च दाबाचा पंप इंजिनावर बसतो आणि तिथला दाब शेकडो, काही इंजिनांत दोन हजार बारच्या आसपास पोचतो. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. ते काम घरच्या अंगणातलं नव्हेच.

मग पेट्रोल पिकअपचा पंप घरी बदलावा की नाही? ठिणगी पडते आहे, पंपापर्यंत भाराखालीही पूर्ण वीज पोचते आहे, अर्थिंग शाबूत आहे आणि तरीही गेजवर दाब कमी आहे, हे चारही पुरावे हाती असतील, उघडी जागा आणि मदतीला माणसं असतील, तर जरूर बदलावा. यातला एक जरी पुरावा नसेल तर त्या दिवशी पंप विकत घेऊ नये, आधी मोजमाप पुरं करावं. आणि जागा बंदिस्त असेल, शेजारी बंबाची ज्योत जळत असेल, तर पुरावे कितीही पक्के असले तरी गाडी टो करून गॅरेजला न्यावी. तिथे दिलेली मजुरी वाया जात नाही.