विद्युतदाबाविना वाहणारा प्रवाह

दोन अतिवाहक धातूंमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर असला, तरी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तो ओलांडून पलीकडे जातात, आणि तेही विद्युतदाब न लावता. यालाच जोसेफसन परिणाम म्हणतात.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत इंडक्शन भट्टीतले भंगार वितळते ते धातूच्या रोधामुळे. आत निर्माण झालेल्या प्रवाहाची ऊर्जा उष्णता होते. अतिवाहकात हा रोध शून्य होतो. निओबियम सुमारे ९.२ केल्विनला, तर ॲल्युमिनियम १.२ केल्विनला, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसला, या अवस्थेत जाते. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ साली याची उपपत्ती मांडली. धातूतून जाणारा इलेक्ट्रॉन भोवतालचे धन आयन किंचित जवळ ओढतो, त्या ओढीने दुसरा इलेक्ट्रॉन त्याच्याशी बांधला जातो आणि अशा साऱ्या जोड्या एकाच तरंगात सामील होतात.

हा तरंग रोधक थराच्या काठाशी थांबत नाही, आत क्षीण होत जातो. थर पुरेसा पातळ असेल तर दोन्हीकडचे तरंग एकमेकांत मिसळतात. केंब्रिजमधील २२ वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन याने १९६२ साली गणिताने दाखवले, की जोड्यांचा प्रवाह या दोन तरंगांच्या कलांमधील फरकावर ठरतो. स्थिर दाब लावला तर प्रवाह मागेपुढे होतो: एका मिलिव्होल्टला सेकंदाला सुमारे ४८,३६० कोटी वेळा. धातू कोणताही असो, हे प्रमाण तेच राहते. म्हणून व्होल्टचे मानक यावरच बेतले आहे. अँडरसन आणि रॉवेल यांच्या १९६३ च्या प्रयोगाने भाकीत खरे ठरवले. १९७३ साली जोसेफसन नोबेलचे मानकरी झाले.

दोन अतिवाहक आणि मधला रोधक थर यांच्या या जोडणीला संधी म्हणतात. अशी संधी असलेल्या विद्युतमंडलाच्या ऊर्जापातळ्या समान अंतरावर नसतात. त्यामुळे सूक्ष्मतरंगांनी नेमक्या दोनच पातळ्या हाताळता येतात आणि क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक, तयार होतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. विजयराघवन यांचा गट यावर काम करतो. चार संधींच्या कड्यातून तीन क्यूबिट देणारे ‘ट्रायमॉन’ मंडल याच गटाचे. ऑगस्ट २०२४ मध्ये या संस्थेने आणि डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. चिप टाटा संस्थेत घडली, नियंत्रण यंत्रणा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जुळवली. विजयराघवन यांचे येल विद्यापीठातील मार्गदर्शक मिशेल डेव्होरे यांना २०२५ चे नोबेल क्लार्क आणि मार्टिनिस यांच्यासह मिळाले. अशा संधीचे अख्खे मंडलच एका कणासारखे ऊर्जेचा अडसर पार करते, हे या तिघांनी बर्कलीत १९८४-८५ मध्ये दाखवले होते.