फवारणी पंप घ्यायचाय? दुकानातच पाणी भरा, पाठीवर घ्या, मग पैसे मोजा

पावसानं जरा उघडीप दिली की कृषी सेवा केंद्रांसमोर फवारणी पंपांच्या खोक्यांची थप्पी लागते. कपाशीवर मावा-तुडतुडे दिसतात, सोयाबीनवर अळी येते आणि पंप घेण्याची घाई होते. दुकानात प्रश्न ठरलेले असतात. किती लिटरचा? बॅटरी किती वेळ चालते? कितीला देता? पंप पाठीवर नीट बसतो का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते कळतं पहिल्याच दिवशी संध्याकाळी. खांद्यावर पट्ट्याचे लाल वळ उठलेले असतात, मान वळत नाही आणि कंबर धरून बसावं लागतं.

पाठीवरचा पंप हे आधी ओझं आहे, यंत्र नंतर. म्हणून तो निवडतानाही ओझ्याचाच विचार आधी करायला हवा.

पाठीवर नेमकं किती वजन येतं?

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 16 लिटरची टाकी भरली की 16 किलो झाले. बॅटरीचा रिकामा पंपच साधारण 5 ते 6 किलोचा असतो. म्हणजे पाठीवर 21-22 किलो. युरियाची गोणी 45 किलोची असते. जवळपास अर्धी गोणी पाठीला बांधून चिखलातून चालायचं, तेही एका हातानं नळी फिरवत.

आता एकराचा हिशोब बघू. एकरी 160 लिटर पाणी धरलं तर 16 लिटरचे 10 पंप होतात. कपाशी चार फुटांच्या सरीत असेल आणि प्रत्येक तासातून चालायचं असेल, तर एका एकरात सव्वातीन किलोमीटरच्या आसपास चाल होते. पाण्याच्या टाकीपर्यंतची ये-जा वेगळी. दहा वेळा पंप उचलायचा, दहा वेळा उतरवायचा. दोन-तीन एकर एकाच माणसानं केले तर त्याच्या खांद्यांची काय गत होईल, ते सांगायला नको.

ओझं खांद्यावर नको, कमरेवर हवं

गडावर मुक्कामाला जाणाऱ्या पोरांच्या मोठ्या सॅक पाहिल्या असतील. तंबू, शिधा, पाणी असं पंधरा-वीस किलो सामान त्यात असतं, तरी पोरं तासन्‌तास चढतात. त्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा असतो. तो कमरेच्या हाडांवर आवळला की वजनाचा मोठा भाग कमरेवर आणि तिथून पायांवर जातो. खांद्याचे पट्टे सॅक मागं कलू नये म्हणून धरून ठेवायचं काम जास्त करतात.

आपल्याकडच्या स्वस्त पंपांना हा कमरेचा पट्टाच नसतो. सगळा भार दोन अरुंद नायलॉन पट्ट्यांवर लटकतो. पट्टा जेवढा अरुंद, तेवढं वजन कमी जागेवर येतं आणि तो मांसात रुततो. काहींना फवारणीनंतर हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. पट्ट्यानं खांद्याजवळच्या नसा दाबल्या गेल्या तर असं होऊ शकतं. विश्रांती घेऊनही मुंग्या थांबल्या नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट म्हणजे ओझं पाठीला चिकटून असलं पाहिजे. टाकी पाठीपासून जेवढी लांब, तेवढी ती मागं ओढते. मग तोल सांभाळायला माणूस पुढं वाकून चालतो आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. तेच 22 किलो पाठीला घट्ट बसलेले असतील तर माणूस ताठ चालू शकतो.

कोणता पंप किती जड?

*हातानं दांडा मारायचा पंप:* रिकामा असताना सगळ्यात हलका. पण एक हात सतत दांड्यावर आणि दुसरा नळीवर. दांडा मारताना अंग एका बाजूला झुकतं, त्यामुळं खांदा लवकर भरून येतो.

*बॅटरीचा पंप:* दांडा मारायचे कष्ट वाचतात. पण नेहमीची शिशाची 12 व्होल्ट 8 ॲम्पिअरची बॅटरीच दोन किलोच्या वर भरते. 12 ॲम्पिअरची बॅटरी जास्त वेळ चालते, पण ती आणखी जड असते. लिथियम बॅटरीचा पंप महाग पडतो, पण वजन कमी होतं. रोजचं काम एक-दीड एकराचंच असेल तर उगाच मोठी बॅटरी पाठीवर वाहू नका.

*टू-इन-वन पंप:* बॅटरी संपली तर दांड्यानं चालतो. सोय चांगली, पण दोन्हीचं वजन एकत्र येतं.

*पेट्रोलवरचा पॉवर पंप:* काम झपाट्यानं होतं. पण इंजिन, पेट्रोल आणि 20-25 लिटरची टाकी मिळून भरलेलं वजन 30 किलोच्या वर जातं. शिवाय इंजिनाची थरथर आणि आवाज थेट पाठीवर. कमरेचं किंवा मणक्याचं दुखणं असणाऱ्यानं हा पंप पाठीवर घेऊ नये.

दुकानात काय तपासायचं?

1. पट्टे: किमान दोन इंच रुंद आणि आत फोमची गादी असलेले. दोन्ही पट्ट्यांची लांबी कमी-जास्त करता आली पाहिजे. ओढून बघा, बकल सरकत असेल तर तो पंप बाजूला ठेवा.

2. पट्ट्याचं कापड: इथं बरेच जण फसतात. मऊ कापडाची गादी छान वाटते, पण तीच औषध पिऊन बसते आणि पुढच्या प्रत्येक फवारणीला ते औषध घामाबरोबर कातडीला लागत राहतं. वरून रेक्झिनसारखं, पाणी न पिणारं आणि धुता येणारं आवरण असलेली गादी घ्या.

3. टाकीची पाठीकडची बाजू: पाठीच्या आकाराला जुळणारी हवी. मध्ये टोचणारी कड, स्क्रू किंवा बॅटरीचा उंचवटा नको. मागं गादी असेल तर उत्तम.

4. टाकीचा तळ: पंप घातल्यावर तळ कमरेच्या जवळ आला पाहिजे. त्याखाली लोंबत असेल तर प्रत्येक पावलाला तो ढुंगणावर आदळतो. उंची कमी असलेल्यांनी हे जास्त बघावं. त्यांच्यासाठी 10-12 लिटरचा पंपच बरा.

5. कमरेचा आणि छातीचा पट्टा: असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. बकल मात्र एका झटक्यात सुटणारं हवं. पाय घसरला किंवा औषध अंगावर सांडलं तर पंप लगेच काढता आला पाहिजे.

6. झाकण आणि सांधे: टाकी साध्या पाण्यानं भरा, झाकण लावा, पंप पाठीवर घ्या आणि दोन-तीनदा वाका. मानेवर एक थेंब जरी आला तरी तो पंप नको. नळीचा सांधा, बटण आणि टाकीचा तळही कोरड्या हातानं चाचपून बघा.

दुकानदार पाणी भरू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. पाणी भरलेला पंप घेऊन दहा मिनिटं चाललात की कंपनीच्या जाहिरातीपेक्षा तुमची पाठच खरं सांगते. रिकामा पंप कुठलाही हलकाच वाटतो.

गळका पंप म्हणजे पाठीवर विष

पट्टा रुतला तर खांदा दुखेल, पण पंप गळला तर जिवावर बेतू शकतं. कीटकनाशक नाका-तोंडातूनच नाही, तर कातडीतूनही शरीरात जातं. पाठ घामानं ओली, सदरा अंगाला चिकटलेला आणि त्यावर झाकणातून झिरपणारं औषध. माणसाला वाटतं घामच आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. ती आठवण विदर्भातच नाही, राज्यभर अजून ताजी आहे.

म्हणून पंप आणि पाठ यांच्या मध्ये जाड प्लास्टिकचा कागद किंवा एप्रन ठेवा. अंगभर कपडे, हातमोजे आणि तोंडाला मास्क तर हवाच. सदरा औषधानं भिजला तर ‘एवढा पंप संपवतो’ म्हणू नका. पंप लगेच उतरवा, कपडे काढा, साबणानं आंघोळ करा. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. कोणतं औषध होतं हे कळलं की डॉक्टरांना उपचार करणं सोपं जातं.

पंप पाठीवर घ्यायची रीत

भरलेला पंप जमिनीवरून एका हातानं उचलून झोका देत खांद्यावर घेणं ही अनेकांची सवय. कमरेत चमक भरते ती बहुतेक वेळा इथंच. त्यापेक्षा पंप कमरेएवढ्या उंचीवर ठेवूनच भरा. बैलगाडीची कड, घट्ट बसवलेला ड्रम, उंच बांध, काहीही चालेल. मग त्याला पाठ लावून उभं राहा आणि दोन्ही पट्ट्यांत हात घाला. आधी कमरेचा पट्टा पोटावर नाही तर कमरेच्या हाडांवर आवळा. नंतर टाकी पाठीला टेकेपर्यंत खांद्याचे पट्टे ओढा. छातीचा पट्टा शेवटी. मग पायांवर जोर देऊन पुढं व्हा. उतरवतानाही तीच उंच जागा वापरा.

टाकी दरवेळी गळ्यापर्यंत भरायलाच पाहिजे असंही नाही. 16 लिटरच्या पंपात 12 लिटरच घेतलं तर पाठीवरचे चार किलो कमी होतात. एकराला तीन-चार फेऱ्या वाढतील, पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येईल. मात्र औषधाचं मापही त्याच प्रमाणात कमी करा. लिटरला 2 मिली असेल तर 16 लिटरला 32 मिली लागतं, 12 लिटरला 24 मिलीच. सवयीनं जुनंच माप ओतलं तर औषध तीव्र होईल.

घरात जुना पंप आहे, त्याचं काय?

लगेच नवा घ्यायची गरज नाही. अनुदानात मिळालेला पंपही जसा येतो तसा घ्यावा लागतो, पण त्याचे पट्टे बदलता येतात. बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून रुंद पट्टे आणि कमरेला बकलचा नायलॉन पट्टा बसवून घेता येतो. कमरेचा पट्टा टाकीच्या तळाजवळच्या कडीत किंवा बैठकीला अडकवा. वर बांधला तर तो वजन घेणार नाही. आणि पट्ट्यासाठी टाकीला भोक अजिबात पाडू नका. झाकणाचं वायसर कडक झालं असेल तर बदला. थोडक्या पैशांचं काम आहे, पण पाठ कोरडी ठेवतं. काम झालं की पंपाबरोबर पट्टेही साबणाच्या पाण्यानं धुवा. विहीर, ओढा किंवा जनावरांच्या हौदाजवळ मात्र धुऊ नका.

नवा घ्यायचा असेल तर महाडीबीटी पोर्टलवर पंपासाठी अनुदानाचा अर्ज चालू आहे का, हे गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

क्षेत्र मोठं असेल तर ओझं पाठीवर घ्यायचंच कशाला, हाही विचार करा. बांधावर ड्रम आणि एचटीपी पंप ठेवून लांब पाईपनं फवारणी करता येते. एका शेतकऱ्याला परवडत नसेल तर चौघांनी मिळून घ्यावा.

आणि एक गोष्ट घरातल्यांनी लक्षात ठेवावी. शाळकरी पोरांच्या आणि गरोदर बाईच्या पाठीवर पंप कधीच देऊ नये. मजूर लावला असेल तर त्यालाही आपल्याच माणसासारखा न गळणारा पंप आणि रुंद पट्टे द्या. पाठ त्याचीही आपल्यासारखीच दुखते.