मुठीत बसलेलं शस्त्र

व्हिडिओ गेममध्ये खेळणं मध्येच थांबतं आणि कथेतला एखादा प्रसंग सिनेमासारखा समोर सुरू होतो. त्याला कटसीन म्हणतात. समजा, सेनापती सेवकाकडून खंजीर घेतो, पात्यावरून नजर फिरवतो आणि कमरेच्या म्यानात सरकवतो. प्रसंग जेमतेम सहा-सात सेकंदांचा. बघणाऱ्याचं लक्ष सेनापतीच्या चेहऱ्यावर असतं आणि ते तिथेच असावं. पण तेवढ्या वेळात खंजीर तीन ठिकाणी राहून आलेला असतो: सेवकाच्या तळहातावर, सेनापतीच्या मुठीत आणि म्यानात. तिन्ही ठिकाणी तो कुणीतरी नेमका बसवलेला असतो. या कामाचं कौतुक फारसं होत नाही. मला ते अॅनिमेशनमधल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक वाटतं.

संगणकातल्या पात्राच्या आत हाडांचा सांगाडा असतो. कातडी, कपडे सगळं त्याच्या आधाराने हलतं. हातात वस्तू द्यायची तर तळव्याच्या हाडावर एक न दिसणारी खूण करतात. अनरीअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला सॉकेट म्हणतात. वस्तूचाही एक मूळबिंदू असतो, पिव्हट. पिव्हट सॉकेटवर बसवला की हात जाईल तिकडे वस्तू जाते. तलवारीचा पिव्हट मुठीच्या मध्यावर हवा; तो पात्याच्या टोकाशी राहिला तर वीर टोकाकडून तलवार धरून उभा राहतो. जागा जमली की कोन बघायचा, कोन जमला की बोटं एकेक करून मुठीभोवती वळवायची. नाहीतर मूठ तळव्यातून आरपार गेलेली दिसते.

मापांचा घोळ वेगळाच. अनरीअलमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर, युनिटी या दुसऱ्या इंजिनात आणि ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये एक मीटर. शिवाय जोडलेली वस्तू हाडाचं मापही उचलते. रूपांतर चुकलं की तलवार शंभरपट वाढून महालाचं छप्पर फाडते, नाहीतर मुंगीएवढी होऊन दिसेनाशी होते. नवशिके इथे हमखास अडकतात.

खरी कसोटी देवाणघेवाणीची. एका फ्रेममध्ये खंजीर सेवकाच्या हाताला बांधलेला असतो, पुढच्याच फ्रेममध्ये सेनापतीच्या. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर हा बदल एक तीसांश सेकंदात उरकायचा. त्या क्षणी खंजिराची जागा आणि कोन दोन्ही हातांच्या हिशेबाने तंतोतंत सारखे नसतील, तर खंजीर टुणकन उडतो आणि डोळ्याला ते लगेच खटकतं. दुसरं दुखणं क्रमाचं. इंजिनने आधी वस्तूची जागा मोजली आणि मग हात हलवला, तर वस्तू हातामागे एक फ्रेम रेंगाळते. हात स्थिर असेपर्यंत कळतही नाही. वार करायला फिरला की मूठ पुढे जाते आणि तलवार मागे राहते.

लाठी किंवा ढोल असेल तर दोन हात आले. अशा वेळी अनुभवी अॅनिमेटर बहुधा उलटा मार्ग धरतात: आधी लाठी हलवतात आणि दोन्ही हात तिच्यामागून नेतात. आणि वजन? संगणकातल्या गदेला वजन नसतंच. उचलण्याआधी खांदा किंचित खाली, मनगटाला ताण, कमरेचा तोल दुसरीकडे, असं करून ते अॅनिमेटरलाच द्यावं लागतं. हे साधलं नाही तर बाकी सगळं अचूक असूनही गदा थर्माकोलची वाटते.

ही विद्या त्रिमितीच्याही आधीची आहे. जॉर्डन मेक्नरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली अॅपल टू या संगणकावर आला. त्याचा मूळ कोड २०१२ मध्ये जाहीर झाला. त्यात राजपुत्राच्या प्रत्येक चित्राच्या नोंदीत तलवारीसाठी स्वतंत्र रकाना आहे. तलवारींच्या चित्रांची यादी वेगळी आणि प्रत्येकीपुढे ती आडवी-उभी किती सरकवायची ते आकडे. म्हणजे सॉकेटच!  

देवाणघेवाण नीट जमत नसेल तर एक जुना उपाय आहे, कॅमेरा. हात पुढे आला की चेहऱ्यावर कट घ्यायचा, परत येईपर्यंत वस्तू दुसऱ्याच्या हातात. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'ने ही सोयच नाकारली. अख्खा गेम एका सलग शॉटमध्ये, त्यामुळे नायक क्रेटोसची कुऱ्हाड हातातून सुटते, परत येते, पाठीवर जाते, ते सगळं उघड्यावर.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं. त्यांचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला, तो अनरीअलमध्ये केलेला. सर्कशीतली मुलगी राजी धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघते आणि तिला देवांची आयुधं मिळतात, पहिलं दुर्गेचं त्रिशूळ. त्यातले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत. माझ्या मते ती निवड फार शहाणपणाची होती. छायेत आकृतीची बाह्यरेषा बोलते, बोटं कशी वळली हे कुणी बघत नाही. लहान चमूने आपली ताकद खेळातल्या जिवंत लढायांसाठी राखली आणि कथेला देशी रूपही मिळालं.

पण हातात आयुध देण्याचं याहून जुनं ज्ञान मुंबईत परळ-लालबागला आहे. मोठ्या गणेशमूर्तीचे हात वेगळ्या साच्यातून काढतात आणि काथ्या-प्लास्टरने धडाला जोडतात. परशू, पाश, अंकुश हे शेवटाकडचं काम. मूठ आधीपासून पोकळ ठेवावी लागते, मनगटाचा कोन आयुधाच्या हिशेबाने ठरवावा लागतो. १९७७ साली लालबागच्या गणेश गल्लीत मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी २२ फुटांची मूर्ती उभी केली. एवढ्या उंचीवर घरच्या मूर्तीतलं आयुध नुसतं मोठं करून भागत नाही. गर्दीतला माणूस खालून बघतो, त्याला परशूचं पातं दिसेल असा तो कलवावा लागतो. कटसीनमध्येही अॅनिमेटर हेच करतो: कॅमेरा ठरला की तलवार थोडी वळवतो. दुसऱ्या बाजूने ती पकड विचित्र दिसेल, पण तिथून बघायला कुणी नसतं.

दक्षिण मुंबईत अॅनिमेशन शिकवण्याची परंपराही आहे. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली कार्टून विभाग काढला तेव्हा डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स इथे शिकवायला आले होते. जुलै २०२५ मध्ये पेडर रोडला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) आवारात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे. अॅनिमेशन आणि गेमिंग हे तिचे मुख्य विषय. तिच्या चालकांना आणि दादरच्या अॅनिमेशन वर्गांनाही एक विनंती. गणपतीच्या आधी, मूर्तींचे हात जोडले जात असतात तेव्हा विद्यार्थ्यांना परळला घेऊन जा. आणि सण उरकला की त्याच कारागिरांना योग्य मानधन देऊन वर्गात शिकवायला बोलवा.