वडशाहून आलेला प्रश्न

गेल्या अंकात कबूल केलेला 'शान' हा सिनेमा या आठवड्यात नाही. वडशाच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न आधी घेण्याजोगा आहे. सिनेमा-मालिकांतले कलाकार झाडीपट्टीच्या नाटकांतही येतात, पोस्टरवर त्यांचाच फोटो सगळ्यात मोठा असतो. मग बड्या नटांचा सिनेमा लोक लगेच विसरतात, हा तुमच्या सदरातला नियम आमच्या नाटकालाही लागू आहे का?

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर धान घरात आलं की नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीच्या सुमारास उतरतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, तेही उजाडेपर्यंत. कंपन्यांची कार्यालयं वडशात, म्हणजे देसाईगंजला. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, कंपनीला ठरलेली रक्कम देतं आणि तिकिटं स्वतः विकतं. मागच्यालाही रंगमंच दिसावा म्हणून मंडपातली जमीन खणून उतरती केलेली असते. लेकी-जावई, पाहुणेरावळे मुक्कामाला येतात. नाटकाच्या निमित्तानं सोयरिकीसुद्धा जुळतात.

यातला व्यवहार नीट पाहावा. मुंबईच्या नावावर तिकिटं खपतात, यात शंका नाही. पण नाटक पडलं तर बोलणी खायची मंडळानं, आणि त्या उतारावर आजूबाजूच्या गावांचे पाहुणे बसलेले असतात. सकाळी ते घरी परततात, नाटक कसं होतं ते आपल्या गावात सांगतात. पुढचं बुकिंग होतं ते या सांगण्यावर. नाटक लोकांच्या लक्षात राहिलं नाही, तर कंपनीचं पोट भरत नाही.

मोठ्या सिनेमाचं गणित याच्या अगदी उलट. २०१८च्या दिवाळीत, इकडे हंगाम सुरू होत असतानाच, 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' आला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान पहिल्यांदाच एकत्र. पहिल्या दिवसाची कमाई पन्नास कोटींच्या वर गेली. मग पाहून आलेले बोलू लागले आणि थिएटरं ओस पडली. अशा सिनेमाचा सगळा डाव पहिल्या तीन-चार दिवसांवर असतो, आणि तेवढ्यापुरती नावं पुरतात. त्यात प्रत्येक नावाला दणक्यात एंट्री हवी, मारामारी हवी, गाणं हवं. गोष्टीचे वाटे पडतात आणि कुणाच्याच वाट्याला अख्खी भूमिका येत नाही.

झाडीपट्टीत ती येते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना लोक झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. सुमारे ८०० भूमिका, ५००० प्रयोग आणि २०२३ साली पद्मश्री. पहाटे तीनला थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला हसवायचं, तर पोस्टरवरचा फोटो काही कामाचा नाही.

तेव्हा पत्रलेखकाला उत्तर असं: नियम लागू आहेच. बाहेरून आलेला कलाकार गर्दी जमवून देतो, पण त्याच्या हातात नीट भूमिका नसेल तर तेच नाटक पुढच्या हंगामात कुणी मागत नाही. झाडीपट्टीत हे लगेच कळतं, कारण मागणारा आणि पाहणारा एकच असतो.

'शान' पुढच्या आठवड्यात. अमिताभ, शशी कपूर, शत्रुघ्न सिन्हा, सुनील दत्त एवढे सगळे असूनही लोकांच्या डोक्यात राहिला तो कुलभूषण खरबंदांचा शाकाल. सुरुवात तिथूनच.